‘सेन्सरी प्रोसेसिंग’ला मराठीत काय म्हणावं, आणि डॉक्टरांपुढे कसं मांडावं?

प्रश्न (डिचोलीहून)

माझा मुलगा पहिलीत आहे. बोलतो छान, गोष्टी सांगतो, बेरजा करतो. पण मिक्सर लावला की कानांवर हात दाबून परसात पळतो. गणवेशाच्या कॉलरमागचं लेबल कापून दिलं तरी शिवणीत राहिलेला कडक दोरा त्याला सहन होत नाही. पेज, पिकलं केळं, भेंडी तोंडात घेतल्याबरोबर उमासे येतात. कुरकुरीत तळलेला बांगडा मात्र आवडीने खातो. चवथीला घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू झाली की आरती संपेपर्यंत तो मागच्या दारी असतो. आणि याच्या अगदी उलट म्हणजे पडून गुडघा फुटला तरी त्याला पत्ता नसतो. सोफ्यावरून उड्या मारणं थांबत नाही, झोपताना सगळ्या उश्या अंगावर रचून घेतो.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘सेन्सरी प्रोसेसिंगचं काही असू शकेल, दाखवून घ्या.’ कान तपासले, ऐकणं व्यवस्थित आहे. आता घरी हे समजावू कसं? ‘संवेदनशील आहे’ म्हटलं तर सासूबाई म्हणतात, मग चांगलंच की! ‘इंद्रियदोष’ म्हटलं तर त्यांना वाटलं, दिसत-ऐकू येत नाही. शेजारीण म्हणते, ‘भियेता तो, व्हड जालो काय सारको जातलो’ (घाबरतो तो, मोठा झाला की ठीक होईल). पण ही नुसती भीती नाही, हे मला दिसतं. नेमका शब्द हवा आहे, आणि डॉक्टरांना काय सांगायचं तेही.

प्रतिसाद (फोंड्याहून)

ताई, सासूबाईंचं चुकलेलं नाही. ‘संवेदना’ आणि ‘वेदना’ दोन्ही ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आलेले. पुढे रोजच्या मराठीत ‘वेदना’ दुखण्यापुरती उरली आणि ‘संवेदना’ मनाकडे गेली. संवेदनशील कवी, संवेदनशील मतदान केंद्र, शोकसभेत व्यक्त होणाऱ्या संवेदना. यातलं काहीही कातडीला किंवा कानाला लागत नाही. शरीराचा अर्थ दवाखान्यात तेवढा टिकून आहे: ‘मधुमेहाने पायाची संवेदना गेली’. ‘प्रोसेसिंग’साठी ‘प्रक्रिया’ म्हणावं तर आपल्याकडे आधी काजूचा कारखाना आठवतो. लेखी कामाला ‘संवेदन-प्रक्रिया’ चालेल, पुस्तकी लेखनात ‘संवेदी एकात्मीकरण’ही वाचलं आहे. घरात मात्र यातलं काही बोलू नये असं माझं ठाम मत आहे.

घरासाठी क्रियापदं वापरा, मराठीची श्रीमंती तिथेच आहे. लेबल टोचतं की खाजतं? शिवण रुतते की नुसती बोचते? लोकर चावते. हलका हात लावला तरी सोसत नाही, त्याला ‘हुळहुळतं’ म्हणतात. नखं किंवा केस कापताना मुलं जे सांगू पाहतात ते बहुधा हेच. पेज, केळं, भेंडी या तिन्हींची चव वेगळी आहे, पण तिन्ही बुळबुळीत, लिबलिबीत. म्हणजे त्याचं वैर चवीशी नसून स्पर्शाशी असावं. ‘खाण्याचे नखरे’ म्हटलं की हा धागाच हातातून सुटतो.

‘हट्टी’, ‘नाजूक’, ‘धसमुसळा’ ही स्वभावाची लेबलं आहेत. त्यांनी मुलावर शिक्का बसतो, माहिती काहीच मिळत नाही.

प्रतिसाद (मडगावहून)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर. याचं मराठी नाव ‘व्यवसायोपचार’. तुम्हाला पाठवलं तर नाव ऐकून दचकू नका, धंदेशिक्षणाशी त्याचा संबंध नाही. माणूस ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सगळी इथे ‘व्यवसाय’. पहिलीतल्या मुलाचे व्यवसाय म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, लिहिणं.

ही मांडणी जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टनी १९६० आणि ७० च्या दशकांत केली. पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकतो. त्यांच्या जोडीला तोलाची जाण असते, तिचं इंद्रिय आतल्या कानात आहे. स्नायू आणि सांध्यांकडून हातपाय कुठे आहेत आणि किती जोर लागतो आहे, याची खबर मेंदूला जाते. भूक, लघवी यांची आतली जाणीव वेगळीच. या सगळ्या खबरा एकाच वेळी येतात आणि मेंदूला त्या लावून घ्याव्या लागतात. काही मुलांना एखादी खबर फार जोरात पोचते, एखादी जेमतेम पोचते. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. आवाज आणि हलका स्पर्श तुमच्या मुलाला जोरात पोचत असावा. उड्या आणि उश्यांचं वजन तो मागून घेत असावा. हे न पाहता मी निदान म्हणून सांगत नाही.

आता नावाबद्दल. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, स्वतंत्र निदान नाही. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हा मुद्दा तिथे ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांत येतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२ मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये असं म्हटलं होतं. त्याऐवजी ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), हालचालींच्या समन्वयातली अडचण, चिंता यांची तपासणी करावी. यातलं काहीच नसलेल्या मुलांमध्येही अशी लक्षणं दिसतात. त्यामुळे ऐकीव नावाची धास्ती घेऊ नका, आणि ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबूही नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मुलांच्या विकासाचं काम करणारे असतील तर उत्तम. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, पर्वरीला सेतू ही संस्था याच क्षेत्रात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळांतून तपासणी होते. बाईंना त्याबद्दलही विचारा.

जाताना कागद लिहून न्या. ‘शाळेत जाताना रडतो’ यातून मला काही कळत नाही. ‘नवा सदरा घातला की मान वाकडी करून कॉलर ओढतो आणि रडतो, धुऊन मऊ झालेला जुना सदरा दिवसभर घालतो’ हे वाचलं की कुठे बघायचं ते कळतं. आधी काय घडलं, त्याने काय केलं, कशाने शांत झाला, शांत व्हायला किती वेळ लागला, एवढं पुरे. त्याला काय छान जमतं, तेही लिहा. पालक ते विसरतात आणि आम्हाला ते फार लागतं.

प्रतिसाद (पेडण्याहून)

मी प्राथमिक शिक्षिका. बऱ्याच शाळांत पहिलीचा वर्ग घंटेच्या अगदी जवळ असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी घंटेआधी खूण करते, ती कान झाकून घेते आणि काम पुढे चालू राहतं. तुमच्या बाईंना हे सांगून पाहा. आणि मुलाला स्वतःला विचारलंत का? त्याचे शब्द आपल्यापेक्षा खरे असतील.

पुन्हा डिचोलीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं. मिक्सरबद्दल म्हणाला, ‘आवाज माझ्या दातांत येतो.’ आम्ही इतकी वर्षं त्याला सांगत आलो की काही होत नाही, नुसता आवाज आहे. ते ऐकून सासूबाई गप्प झाल्या. आता चटणी वाटायची असली की आधी त्याला हाक मारून सांगतात. ‘सहन होत नाही त्याला’ एवढंच शेजारणीला सांगितलं त्यांनी, आणि ते तिला पटलं.

एक अडलंय. उश्या अंगावर रचून घेतो, मला घट्ट मिठी मारायला लावतो, त्याला काय लिहू? ‘लाडात येतो’ नव्हे ते.

प्रतिसाद (फोंड्याहून)

मुळीच नव्हे. ‘अंग चेपून घेतो’ किंवा ‘दाबून धरलं की शांत होतो’ असं लिहा. दातांचं वाक्य त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत ठेवा. ‘सेन्सरी सीकिंग’ (संवेदना मागून घेणं) वगैरे जे काय लिहायचं ते डॉक्टर लिहितील.

प्रतिसाद (मडगावहून)

बरोबर. आणि कशाचं वजन त्याला बरं वाटतं तेही कागदावर असू द्या: उशी, गोधडी, की तुमचा हात. तपासणीच्या दिवशी जुना मऊ सदरा घालून न्या, नव्या कपड्यांत नेऊ नका.