रेवस ते रेड्डी : तुमचा अनुभव सांगा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं बाइकवरून रायगडातलं रेवस ते सिंधुदुर्गातलं रेड्डी हा कोकणचा सागरी महामार्ग करायला निघालो आणि रत्नागिरीहून परत फिरलो. सागरी महामार्ग म्हटलं की सलग रस्ता डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात खाडी आली की रस्ता संपतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, एवढ्या फेरीबोटी आम्हाला लागल्या. दाभोळला तर फेरीबोटीला चक्क जंगलजेटी म्हणतात.

सगळ्यात लक्षात राहिला तो दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जाणारा रस्ता. डावीकडे डोंगर, उजवीकडे लगेच पाणी. श्रीवर्धनला चहाला थांबलो तर बागेत सगळ्या पोफळी एकाच उंचीच्या, लहान. वाडीवाले आजोबा म्हणाले, "३ जून २०२०ला निसर्ग वादळात सगळी वाडी झोपली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, बघू." त्यानंतर फोटो काढावासा वाटला नाही.

तुमचे अनुभव लिहा. फजितीचे जरूर लिहा.

खाजणातला बगळा
आम्ही रत्नागिरीकर, गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा आरे-वारे हा आमचा रोजचा रस्ता. वरच्या वळणावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात हे खरंच, पण म्हणून त्याच वळणावर गाडी आडवी लावून फोटो? खालून एसटी चढत असते हो! घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, एवढं पाळलंत तरी पुष्कळ. आणि कडेच्या बारीक खडीवर पुढचा ब्रेक दाबू नका. दर मे महिन्यात कोणी ना कोणी गुडघे फोडून घेतोच.

स्कूटरवाली काकू
वय ५२, सोबत नणंद, दोघींच्या दोन स्कूटर. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं.

दाभोळला पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी. धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडलेला आणि त्यावर हिरवंगार शेवाळ. बोटीची फळी पार खाली. माझ्या पोटात गोळा. नणंद सुळकन गेली, मी मात्र दोन्ही पाय टेकवत, बदकासारखी. अर्ध्यात मागचं चाक सरकलं. बोटीवरच्या पोराने मागून कॅरिअर धरलं आणि ओरडला, "मावशी, ब्रेक सोडा, मी हाय!" ब्रेक सोडायचा धीर कसा झाला ते माझं मला माहीत. नंतर दोन गाड्यांच्या फटीत स्कूटर उभी करून वाशिष्ठीचं पाणी बघत बसले तेव्हा हात थरथरत होते. नणंदेने पिशवीतला लाडू पुढे केला. दोघी खूप हसलो.

चिपळूणवरून वळसा घालता आला असता. पण लाडवाची ती चव तिकडे कुठली?

मुक्काम पोस्ट सॅन होजे
थोडं अवांतर. इथे कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या हायवे वनवर सगळे सांगतात, उत्तरेकडून दक्षिणेला जा, म्हणजे समुद्र तुमच्याच लेनच्या बाजूला राहतो. त्याच रस्त्यावरच्या बिग सूर किनाऱ्याला ते पुरेपूर पटलं. मग डोक्यात आलं, आपण डावीकडून चालवतो, म्हणजे कोकणात नेमकं उलटं! मुंबईहून खाली जाताना पाणी पलीकडच्या बाजूला, परत येताना अगदी डाव्या हाताशी. आम्ही मात्र दर वेळी येताना कंटाळून मुंबई-गोवा हायवे धरायचो. इतकी वर्षं चुकीच्या दिशेने कोकण पाहिलं म्हणायचं.

कातळशिल्प
कधी जायचं विचाराल तर माझं मत ऑगस्टला. पूर्णगड, कशेळी, जैतापूर पट्ट्यात चढ संपला की सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, लागतो. काळा-तांबडा जांभा, एरवी भकास, पावसात इवल्या फुलांनी झाकलेला. समुद्र धुक्यात गायब, नुसता आवाज. रेनकोट घालूनही आतपर्यंत भिजलो. समोरून गुरं आली की थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

खाजणातला बगळा
@सॅन होजे, उलटं आलात तर आरे-वारेला आरेकडून चढा. पण पुन्हा सांगतो, वळणावर थांबू नका.

स्कूटरवाली काकू
मे महिन्यात वेंगुर्ल्यापासून वर यायचा विचार आहे. परत येताना दाभोळ असणारच. भरतीची वेळ बघून निघेन म्हणते. कोणी येतंय का?