मदत हवी आहे: हातानं कातलेल्या काळ्या दख्खनी लोकरीला कुठली वीण शोभेल?

चिकोडीकडच्या एका धनगर मावशींकडून हातानं कातलेलं काळं सूत मिळालंय, घोंगडीसाठी कातलेलं. वजन 600 ग्रॅम. पुढच्या कातरणीपर्यंत आणखी मिळणार नाही. बाबांसाठी बिनबाह्यांचं जाकीट विणायचंय, छाती 40 इंच. ते शर्टावर घालणार, त्यामुळे टोचण्याची काळजी नाही.

सूत एकपदरी आहे आणि पीळ भरपूर. जाड-बारीकही आहे, मधूनच गवताची काडी निघते. रिठ्याच्या कोमट पाण्यात लडी धुतल्यावर थोडी मऊ झाली. 4 मिमीच्या सुईवर पुठ्ठ्यासारखं विणलं गेलं. 5.5 वर बरं येतंय, 10 सेंमीत 14 टाके.

खरी अडचण पिळाची. एक ओळ सुलट, एक उलट असा तुकडा विणला; धुऊन वाळवल्यावर चौकोनाचा पतंग झाला, सगळे टाके एका बाजूला कलले. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर तुकडा सरळ राहतो, पण लोकर फार खाते. वेण्या घालून पाहिल्या, काळ्या रंगात दिसतच नाहीत. दुपदरी करायचं नाही, जाकीट फार जड होईल.

दोन सुलट-दोन उलट, की टाक्याआड सुलट-उलट करून पुढच्या ओळीत अदलाबदल? एकपदरी सुतावर ज्यांनी विणलंय त्यांनी सांगा: कलही जाईल आणि 600 ग्रॅममध्ये जाकीटही होईल अशी कुठली वीण घेऊ?