मूड खराब असेल त्या दिवशी आवडता सिनेमा लावू नका

मध्यंतर (धागाकर्ता):
मन थाऱ्यावर नसलं की माणूस सहसा नवीन सिनेमा लावत नाही. 'कधीतरी बघू' म्हणून साठवलेल्या यादीवरून बोट सरकत सरकत त्या ठरलेल्या एका नावाशी येऊन थांबतं. संवाद पाठ, शेवट पाठ, तरी तोच. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'मला त्याने बरं वाटतं.'

माझा या उत्तरावर विश्वास नाही. मूड खराब असेल त्या दिवशी आवडता सिनेमा अजिबात लावू नये, असं माझं मत आहे. कारणं देतो, मग तुटून पडा.

एक तर उदास माणूस सिनेमा पुरता बघतच नाही, त्यातलं आपल्याला हवं तेवढं वेचतो. गॉर्डन बोवर या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये स्मृती आणि मनःस्थितीचा संबंध मांडला होता. दुःखी मनाला दुःखाच्या आठवणी लवकर सापडतात, आनंदी मनाला आनंदाच्या. आवडत्या सिनेमाला हे जास्तच लागू पडतं, कारण तो आधीच आपल्या आठवणींनी भरलेला असतो. मित्रांच्या टोळक्याचा एखादा धमाल सिनेमा घ्या. चांगल्या दिवशी आपण त्यांच्याबरोबर हसतो. वाईट दिवशी त्याच प्रसंगात 'आपली टोळी कुठे गेली' एवढंच दिसतं.

दुसरं कारण मला जास्त गंभीर वाटतं. प्रेमभंगाच्या काळात पुन्हा पुन्हा बघितलेला सिनेमा पुढे कित्येकांना सुखाने बघता येत नाही. नामावलीची सुरावट सुरू झाली की पोटात खड्डा पडतो. म्हणजे मूड सुधारला नाहीच, वर एक चांगला सिनेमा हातचा गेला.

हौशी प्रेक्षक:
साफ असहमत. माणसाला आपल्याला काय हवंय ते बऱ्यापैकी कळतं. ब्रायंट आणि झिलमन यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग केला होता. काही जणांना मुद्दाम कंटाळा येईल असं काम दिलं, काहींना ताण येईल असं. मग थोडा वेळ टीव्हीसमोर बसवलं, हवं ते लावा म्हणून. कंटाळलेल्यांनी संथ कार्यक्रम जवळपास टाळलेच, थरारक तेवढे बघितले. ताणात असलेल्यांनी मात्र संथ कार्यक्रमांनाही चांगला वेळ दिला. कोणीही त्यांना सल्ला दिला नव्हता.

आणि सिनेमा मूड बदलत नाही म्हणता? फोर्गास आणि मॉयलन यांनी १९८७ मध्ये थिएटरातून बाहेर पडणाऱ्या हजारभर लोकांना राजकारण, गुन्हे, भविष्य, स्वतःचं आयुष्य यांविषयी प्रश्न विचारले. आनंदी सिनेमा बघून आलेल्यांची मतं जास्त उदार आणि आशावादी होती. दुःखी किंवा हिंसक सिनेमा बघून आलेल्यांची नव्हती. दोन-अडीच तासांत जगाबद्दलचं मत हलतं, मग आपल्या एका संध्याकाळचं काय घेऊन बसलात!

रा. रा. शंकेखोर:
हौशी, तुमच्या दुसऱ्या उदाहरणात एक भोक आहे. आनंदी सिनेमाला कोण गेलं होतं? कदाचित आधीच खुशीत असलेले लोक. तिकीट ज्याचं त्याने निवडलेलं, मग श्रेय सिनेमाला कसं देणार?

प्रयोगशाळेत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे काय बघायचं ते दुसराच ठरवतो. ग्रॉस आणि लेव्हनसन यांनी १९९५ मध्ये ठरावीक भावना जागवणाऱ्या चित्रफितींचा एक संच तयार केला. त्यात दुःखासाठी 'द चॅम्प' (१९७९) मधला, बापाच्या मृत्यूनंतर पोरगा हमसून रडतो तो प्रसंग आहे. जेमतेम तीन मिनिटांचा. पुढे कितीतरी संशोधकांनी लोकांना रडवायला तोच वापरला. तेव्हा सिनेमा मूड बदलतो हे मला मान्य आहे. पण तो प्रसंग त्या प्रेक्षकांचा आवडता नव्हता. आवडत्या सिनेमाबद्दल बोलायचं तर निवड आली, आणि निवड आली की कारण कुठलं नि परिणाम कुठला याचा गुंता झालाच.

पडद्यामागची:
आकडेमोड चालू द्या. मी सिनेमांचं संकलन करते, म्हणून जरा वेगळ्या बाजूने.

प्रेक्षकाला रडवायचं असेल तर रडणाऱ्याचा चेहरा फार वेळ दाखवत नाहीत. रडू आवरणाऱ्याचा दाखवतात. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर शॉट धरतात, संगीत थोडं उशिरा आणतात. भावनेसाठी रिकामी जागा सोडली की प्रेक्षक ती स्वतःच्या मालाने भरतो. कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा १९२० च्या आसपासचा प्रयोग सगळ्यांना माहीत असेल. नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी, एकदा लहान मुलगी. लोकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि माया दिसली.

मध्यंतर, तुमच्या मुद्द्याला हे थोडं पूरकच आहे. तुमचा दिवस हा सिनेमाआधीचा शॉट असतो. पण म्हणून वाईट दिवशी बघूच नये, हे मला मुळीच पटत नाही. दुःखी सिनेमातून आनंद का मिळतो, हा आपल्याकडचा जुनाच वाद आहे. 'नाट्यशास्त्र'कार भरताने शोक या स्थायीभावातून, म्हणजे मनात कायम वसलेल्या भावनेतून, करुण रस सांगितला. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो आणि तरीही आपलं वेगळेपण सोडत नाही, या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. वाईट दिवशी मला नेमकं हेच हवं असतं. दुःख दुसऱ्याचं, रडणारी मी, आणि नामावली आली की उठता येतं. स्वतःच्या दुःखातून असं उठता येत नाही.

मध्यंतर:
पडद्यामागची, केळकरांपर्यंत आलात तर आणखी नऊशे वर्षं मागे चला. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की समोरचं त्याच्यापर्यंत पोचत नाही. माझा अख्खा धागा त्या एका शब्दात आहे. ज्या दिवशी मी माझ्याच दुःखात बुडालेलो आहे, त्या दिवशी सविकल्प समाधी लागतच नाही. पात्राच्या नावाखाली मी माझ्यासाठीच रडत असतो.

पडद्यामागची:
अर्धंच सांगितलंत! त्याच ठिकाणी त्यावरचा उपायही आहे. वाद्यं, गाणं, सजवलेला नाट्यमंडप, हे सगळं त्या व्यापलेल्या प्रेक्षकाला स्वतःतून बाहेर काढण्यासाठीच योजलेलं असतं, असं तो म्हणतो. आजच्या भाषेत, अंधार करा, पडदा मोठा ठेवा, आवाज चांगला ठेवा, फोन लांब ठेवा. वाईट दिवशी लोक आवडता सिनेमा बघतात कसा? तळहाताएवढ्या पडद्यावर, पांघरुणात, मधे मधे मेसेज चाळत. मग तो पोचणार कसा? दोष सिनेमा निवडण्यात नाही, बघण्यात आहे.

निद्रानाश:
तुम्ही सगळे फार वरच्या मजल्यावर बोलताय. मी आवडता सिनेमा रात्री लावतो तो रस घ्यायला नाही, झोप यायला. त्यात पुढे काय होणार हे ठाऊक असतं, एवढंच त्याचं काम. दिवसभर पुढच्या तासाची धास्ती असेल तर रात्री असं एक जग लागतं जिथे काहीही अनपेक्षित घडू शकत नाही. खलनायक दार उघडतो तेव्हा नायक खिडकीतून निसटलेला असतो, दर वेळी. सिनेमा उदास आहे की विनोदी, याने फरक पडत नाही. पाठ असला पाहिजे.

ओळखीच्या काल्पनिक जगात पुन्हा शिरल्याने खर्ची पडलेला संयम भरून येतो, असं डेरिक यांचं २०१३ चं संशोधन आहे. मला पटतं.

रा. रा. शंकेखोर:
ते संशोधन ज्या पायावर उभं आहे तो पायाच डळमळलाय. मनोनिग्रह वापरला की संपतो, ही ती कल्पना. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून तिच्या एका प्रयोगाची फेरतपासणी केली, परिणाम जवळपास शून्य निघाला.

निद्रानाश:
मला झोप लागते. तेवीस प्रयोगशाळांना माझा नमस्कार सांगा.

चौथी रांग:
सगळे दुःखावरच का अडलेत? रागाचं बोला. साहेबाने झापलं की सूडपट बघणारे मला चांगले माहीत आहेत, मी त्यांच्यातलाच एक. पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी धू धू धुतो आणि मोकळं वाटतं. अ‍ॅरिस्टॉटलपासून याला भावनांचं विरेचन म्हणतात.

मध्यंतर:
मोकळं वाटतं, पण राग जातो का? बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवलेल्या लोकांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. सूडपट बघताना तुम्ही खलनायकाच्या जागी कोणाला बसवता, ते तुम्हीच सांगितलंत.

शिवाय झिलमन यांनीच १९७१ मध्ये दाखवलंय की सिनेमाने वाढवलेली शारीरिक उत्तेजना तो संपल्याबरोबर ओसरत नाही. ती पुढच्या प्रसंगाला जाऊन चिकटते. ठोके वाढलेले असतात, आणि तेवढ्यात घरातलं कोणी साधा प्रश्न विचारतं. मग जे होतं ते सिनेमाच्या खात्यावर कोणी मांडत नाही.

चौथी रांग:
पिशवीवर ठोसे मारणं आणि खुर्चीत बसून बघणं एक कसं? माझ्या सूडपटात शेवटी न्याय होतो. पिशवीला शेवट नसतो. प्रयोगाच्या शेवटी त्या चिडवणाऱ्याने येऊन माफी मागितली असती तर आकडे काय आले असते, ते सांगा. शेवट हाच मुद्दा आहे. माझा राग मारामारीच्या दृश्याने उतरत नाही, त्यानंतरच्या शांत पाच मिनिटांनी उतरतो. मधेच सिनेमा बंद केला तर तुमचं म्हणणं खरं ठरेल.

पडद्यामागची:
+१. ती पाच मिनिटं कापा म्हणून निर्मात्यांचा जीव कासावीस होतो, आणि कापली की प्रेक्षक अस्वस्थ होऊन बाहेर पडतो.

सावलीतली:
एक गोष्ट सुटतेय. उदास दिवस आणि नैराश्याचा आजार एकाच पारड्यात टाकू नका. नैराश्यात अनेकदा आवडीच्या गोष्टींतून काहीच वाटेनासं होतं. माझ्याबाबतीत ते पहिल्यांदा सिनेमामुळेच लक्षात आलं. ज्या विनोदाला मी दर वेळी हसायचे तो आला आणि गेला. वाईटही वाटलं नाही. मध्यंतर म्हणतात तसं मी उदास तेवढं वेचतही नव्हते, वेचायलाच काही उरलं नव्हतं. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर कुठला सिनेमा लावावा यावर चर्चा न करता डॉक्टरांना भेटावं. पण मग आवडता सिनेमा लावूच नये, हा सल्ला मला चुकीचा वाटतो. तो लावला नसता तर मला कळलं कधी असतं?

हौशी प्रेक्षक:
सावलीतली, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. सिनेमा तोच असतो, म्हणून आपल्यातला फरक त्यावरून मोजता येतो. नव्या सिनेमाला हसू आलं नाही तर दोष त्यालाही देता येतो.

आडवातिडवा:
मला मुळात 'आवडता' म्हणजे कोणता तेच कळलेलं नाही. चारचौघांत सांगायचा आवडता आणि रात्री एकट्याने बघायचा आवडता, हे दोन वेगळे प्राणी आहेत. १९९९ मध्ये रीड, लोवेन्स्टाइन आणि कल्याणरामन यांनी लोकांना सिनेमे निवडायला सांगितले. आज रात्रीसाठी निवडताना लोकांचा कल हलक्याफुलक्याकडे, नंतरच्या दिवसासाठी निवडताना गंभीर, वजनदार सिनेमांकडे. उद्याचा मी सुसंस्कृत आहे, आजचा मी दमलेलो आहे. त्यामुळे कोणाचा मूड ओळखायचा तर त्याने सांगितलेली यादी बघू नका, त्याने काल रात्री काय लावलं ते बघा. इथल्या प्रत्येकाने काल काय लावलं ते लिहावं. खरं खरं.

(बघा, धागा कसा शांत झाला.)

मध्यंतर:
काल काहीही लावलं नाही, पळवाट म्हणा हवी तर.

सावलीतली यांचा मुद्दा आजारासाठी मान्य. बाकी माझा सल्ला तोच. वाईट दिवशी न पाहिलेला सिनेमा लावा. त्यात तुमच्या आठवणी नसतात, पुढे काय होणार याची उत्सुकता असते, आणि उत्सुकता असली की माणूस स्वतःचा विचार थोडा कमी करतो. अभिनवगुप्ताच्या विघ्नावर हा मला नाट्यमंडपापेक्षा स्वस्त उपाय वाटतो.

पडद्यामागची:
आणि त्या बिचाऱ्या सिनेमाचं काय? कोणीतरी वर्षं घालून केलेला, तुम्ही तो तुमच्या सर्वांत वाईट संध्याकाळी पहिल्यांदा बघणार, 'रटाळ' म्हणून शिक्का मारणार आणि पुन्हा कधी लावणार नाही. आवडत्या सिनेमाने तुमचा वाईट दिवस सोसला तरी त्याच्या जमेला चांगले दिवस आहेत. नव्याकडे ती शिल्लक कुठून आणणार?

आडवातिडवा:
मग समीक्षकांनी परीक्षणाच्या वर स्वतःचा मूड छापावा. तारे किती दिले त्याच्या शेजारी.

रा. रा. शंकेखोर:
मूड छापून भागणार नाही, आधीचा सिनेमाही छापायला लागेल. महोत्सवात समीक्षक दिवसाला चार-चार सिनेमे बघतात. पडद्यामागचींच्या कुलेशोवप्रमाणे सकाळचा सिनेमा हा दुपारच्या सिनेमाआधीचा शॉट झाला. झिलमनप्रमाणे पहिल्याचे ठोके दुसऱ्याला चिकटले. तिसऱ्याला पारितोषिक मिळालं तर त्यात दुसऱ्याचा वाटा किती, हे कोणी तपासलंय का? सिनेमांचा क्रम बदलून दोन परीक्षक मंडळांना दाखवायला हवेत.

चौथी रांग:
सूडपट सकाळी ठेवा.