जुन्या घराचे प्लग: एकच जाड लाईन की वेगवेगळ्या?

मिरजकरीण: सासऱ्यांनी 1974 साली बांधलेलं घर आहे. लाकडी पट्टीवरचं वायरिंग, चिनीमातीचे फ्यूज. परवा इस्त्रीचा प्लग उपसला तर सॉकेट तपकिरी झालेलं आणि खारवलेल्या मासळीसारखा वास. आमच्या वायरमनने बोर्ड उघडला तर वरच्या मोठ्या भोकाची तार चक्क न्यूट्रललाच (करंट परत नेणाऱ्या तारेलाच) गुंडाळलेली! इतकी वर्षं तिलाच आम्ही अर्थिंग समजत होतो. तो म्हणतो, चारची (चार चौरस मिमीची) वायर घरभर फिरवतो, 32 अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकतो, सगळे प्लग त्यावरच. धाकटे दीर म्हणतात, वेगवेगळ्या लाईनी ओढा. फ्रीज, गिझर, वॉशिंग मशीन आहे, एसी नाही. भिंती फोडायचं नाव काढलं तरी सासूबाई जेवत नाहीत, दिवाळीत रंग दिलाय.

जुना वायरमन: ताई, आधी ती गुंडाळलेली तार सोडवा. न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रीजच्या पत्र्यात करंट येईल. आणि 32 चा नको. वायर झेपवेल हो, पण सॉकेट 16 अँपियरचं. मल्टिप्लगवर कुणी 25 ओढले तरी एमसीबी ढिम्म, सॉकेट वितळेल. अडीचची वायर, 16 चा एमसीबी, एका लाईनीवर पॉवर पॉईंट दोनच. गिझर 2000 वॉटचा म्हणजे जेमतेम 9 अँपियर, तरी त्याची लाईन स्वतंत्र. भिंतीत झिऱ्या नकोत तर केसिंग-कॅपिंग करा, म्हणजे भिंतीवरून झाकणाची प्लास्टिक पट्टी.

लेस्टरवासी: इथे इंग्लंडात 32 वर अख्ख्या मजल्याचे प्लग असतात, पण वायर रिंगसारखी फिरून बोर्डात परत येते आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, जास्तीत जास्त 13 चा. आपल्याकडच्या प्लगमध्ये तो नसतो. नक्कल अर्धीच करू नका.

दुपारचा चहा: 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की लाईन तोडणारा स्विच) घ्याच. मात्र त्याच्या पुढचा न्यूट्रल दुसऱ्या लाईनीत मिसळू देऊ नका. आमच्याकडे हॉलचा दिवा माजघराचा न्यूट्रल उसना घ्यायचा. दिवा लावला की आरसीसीबी खाली. दोन दिवस शोधत बसलो.

मिरजकरीण: पट्टी पांढरी असेल तर सासूबाईंची हरकत नाही! अर्थिंगचा खड्डा तुळशीमागे चालेल?

जुना वायरमन: उत्तम जागा, रोज पाणी मिळतं. फक्त मीठ-कोळसा नको, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरायला सांगा. मीठ मुळांत उतरलं तर तुळस वाळेल आणि बोलणी तुम्हाला बसतील.