गॅमा किरणांची पार्श्वभूमी: आकडा तिप्पट येतोय, मदत हवी आहे

कोरा_कागद: एमएस्सी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन सोमवारी आहे. फर्मी उपग्रहावरच्या लॅट या गॅमा दुर्बिणीचा डेटा घेऊन विखुरलेल्या गॅमा पार्श्वभूमीची (म्हणजे सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद गॅमा चमकेची) तीव्रता काढतोय. १०० एमईव्हीच्या (मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) वर ७.२ यायला हवी (दहाचा उणे सहावा घात, नेहमीची एककं), माझी २१ येतेय. तीनदा रन केलं. सर विचारणारच, जादा किरण आले कुठून. डार्क मॅटर म्हणू का? प्लीज लवकर सांगा.

गच्चीवाला: इव्हेंट क्लास, म्हणजे किरण निवडायची चाळणी, कुठला? आकाशगंगेचा पट्टा किती वगळलाय? झेनिथ कट, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंशांपर्यंतचे किरण घेतलेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कोरा_कागद: सगळं नेहमीचंच आहे हो. सोर्स क्लास, २० अंशांच्या आतलं वगळलंय, आकाशगंगेचं टेम्प्लेटही (तिच्या स्वतःच्या गॅमा चमकेचा नमुना) लावलंय.

ब्लेझरवाले_काका: डार्क मॅटर बिटर सोडा. ५० जीईव्हीच्या (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) वरचं ८६ टक्के बिंदुस्रोतांतून येतं, त्यातले बहुतेक ब्लेझर, म्हणजे आपल्या दिशेने झोत रोखलेल्या दीर्घिका. फर्मीच्याच लोकांनी २०१६ मध्ये दाखवलंय.

सुगरण_पक्षी: काका, ५० जीईव्हीच्या वर! तो १०० एमईव्हीचं विचारतोय. ज्या दीर्घिकांत तारे जन्मतात तिथे वैश्विक किरण (अतिवेगवान भारित कण) वायूवर आदळतात, पायॉन नावाचे अल्पायुषी कण होतात, त्यांचे गॅमा. २०२१ चा नेचरमधला पेपर वाचा, एवढ्यातच जवळजवळ सगळं भागतं.

ब्लेझरवाले_काका: मॉडेलमध्ये भागतं.

उकडीचा_मोदक: गॅमा किरणांचे स्फोट १९६७ मध्ये व्हेला उपग्रहांनी टिपले. सोडले होते अणुचाचण्यांवर लक्ष ठेवायला!

गच्चीवाला: ते स्फोट वेगळे, मोदक. इथे तो विषय नाही.

उकडीचा_मोदक: बरं. लडाखमधल्या हानलेची मेस ही गॅमा दुर्बीण कुणी पाहिलीय का? २१ मीटरची तबकडी, सव्वाचार किलोमीटर उंचीवर. आमच्या हिला तिथे चक्कर आली.

गच्चीवाला: झेनिथ कटचं उत्तर अजून नाही.

कोरा_कागद: तो १८० आहे, होता तसाच ठेवलाय. बदलायचा असतो का?

गच्चीवाला: अरे देवा! १८० म्हणजे कटच नाही, पृथ्वीसुद्धा मोजलीत तुम्ही. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की गॅमा निघतात, त्यामुळे फर्मीला पृथ्वीची कड झेनिथपासून ११३ अंशांच्या आसपास लखलखीत दिसते. ९० करा, आणि लाइव्हटाइम क्यूबलाही (दुर्बिणीने आकाशात कुठे किती वेळ पाहिलं त्याची फाइल) तोच आकडा द्या, नाहीतर एक्स्पोजर चुकेल. शिवाय सोर्स क्लासमध्ये वैश्विक किरणांची भेसळ जास्त. अल्ट्राक्लीनव्हेटो हा जास्त कडक क्लास घ्या.

कोरा_कागद: (रात्री २:४०) ११.९ आलं. तरी ७.२ नाहीच!!

ब्लेझरवाले_काका: सुटे स्रोत वजा केलेत का?

कोरा_कागद: नाही. ते पार्श्वभूमीतच येतात ना?

ब्लेझरवाले_काका: मग तुलना ११.३ शी करा. सुटे ओळखू आलेले स्रोत धरून तेवढं, ते काढून उरतं ते ७.२. दोन्हींना लोक पार्श्वभूमीच म्हणतात, सगळा घोळ तिथे होतो.

सुगरण_पक्षी: आणि त्या उरलेल्यात दीर्घिका आहेत.

ब्लेझरवाले_काका: आणि अंधुक ब्लेझर.

कोरा_कागद: भांडू नका, दोन्ही स्लाइडवर टाकतो. आता क्लास बदलून रन लावलाय. थॅंक्स गच्चीवाला.

उकडीचा_मोदक: हानलेबद्दल कुणी बोलेना.