आईच्या तळव्यावरील कुरूप: नाशिकमध्ये नेमके कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

प्रश्न (पंचवटीकर)

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, वर्षभरापासून एक घट्टा झाला आहे. ती त्याला कुरूप म्हणते आणि आंघोळीनंतर कातडी मऊ झाली की वडिलांच्या दाढीच्या ब्लेडने स्वतःच खरवडते. पंधरा दिवसांपूर्वी तिने मेडिकलमधून कुरुपाची औषधी पट्टी आणून लावली. ती काढल्यावर भोवतालची कातडी पांढरी पडून सोलली गेली आणि आता सकाळी चादरीवर पिवळसर डाग दिसतो. दुखते का, असे विचारले तर ती ‘अजिबात नाही’ म्हणते, त्यामुळे घरात कोणी फारसे मनावर घेत नाही. परवा मात्र रामकुंडावरून परतताना तिच्या डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटली आणि घराची पायरी चढेपर्यंत तिला ते कळलेच नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

त्वचेचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, सर्जन की मधुमेहाचे डॉक्टर, यांपैकी कोणाकडे जावे? हल्ली ‘पायाचे डॉक्टर’ अशी पाटीही दिसते. तेथे नेमके काय करतात? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आई ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करते, हेही सांगून ठेवतो. कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लिहावे.

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड)

आपल्या मजकुरातील दोन गोष्टींमुळे लगेच लिहायला बसले: दुखत नाही, आणि चप्पल निसटल्याचे कळले नाही. माझ्या यजमानांचे नेमके असेच झाले होते. चपलेच्या तळातून खिळा वर आलेला असताना ते दिवसभर बाजारहाट करून आले, आणि संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठसे उमटले तेव्हा ते मला दिसले, त्यांना नव्हे.

आम्ही आधी दोन ठिकाणी हिंडलो. दोन्हीकडे एकच पाय पाहिला, तोही खुर्चीवर बसवून, आणि मलम लिहून दिले. शेवटी मधुमेहाच्या डॉक्टरांनी ज्या पायाच्या दवाखान्यात पाठवले, तेथे प्रथमच दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करायला लावले आणि यजमानांना उंच खाटेवर झोपवून तळवे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतील असे ठेवले. बोटांच्या बेचक्यांतही बॅटरीने पाहिले. चपला हातात घेऊन, उलट्या करून, आत बोटे फिरवून पाहिल्या, याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

त्यानंतरची तपासणी मी विसरणार नाही. यजमानांना डोळे मिटायला सांगून डॉक्टर एका दांडीला लावलेला नायलॉनचा तंतू तळव्यावर एकेका जागी टेकवत होते. हा तंतू दहा ग्रॅम दाबाला वाकेल इतक्याच जाडीचा असतो, आणि स्पर्श जाणवला की रुग्णाने ‘हो’ म्हणायचे असते. उजव्या तळव्यावर तंतू चार वेळा वाकला आणि हे गप्पच. समोर बसून मी पाहत होते. मग कंपनांचे यंत्र लावले. त्यात २५ व्होल्टच्या पुढे गेल्याशिवाय कंपन जाणवत नसेल तर जखमेचा धोका मोठा मानतात. यांचा आकडा ३२ आला.

रक्तपुरवठ्यासाठी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाकडे रक्त कमी जाते असे समजतात. मात्र मधुमेहात रोहिण्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा फार मोठा आला तरी हुरळून जाऊ नये. आमचा १.४ आला तेव्हा डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळा मोजला.

सर्वांत शेवटी त्यांनी घट्टा धारदार पात्याने थर थर करून उतरवला. आत काळपट रक्त साकळलेले होते आणि त्याखाली मुगाच्या दाण्याएवढे छिद्र. आम्ही ज्याला कुरूप समजत होतो, ते जखमेवरचे झाकण होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आईंना आजच्या आज मधुमेहाच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि जखम हाताळणारा सर्जन किंवा पायाचा दवाखाना त्यांनाच सुचवू द्यावा. जवळ तशी सोय नसेल किंवा खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात सर्जनना दाखवावे. पाय लाल झाला, गरम लागला, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर वेळ ठरवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठावे. तोवर गरम पाण्यात पाय बुडवून शेकणे पूर्ण बंद. बधिर पायाला पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि भाजते.

उत्तर २ (सिडकोवासी)

ताईंनी सगळे लिहिलेच आहे. मी एवढेच म्हणेन की दवाखान्यात जाण्याआधी ते ब्लेड आणि ती पट्टी दोन्ही घरातून हलवा. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. ते घट्टा आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत मधुमेहींनी वापरू नये असे बहुधा छापलेलेही असते, पण ते वाचतो कोण?

उत्तर ३ (सातपूरचा फिटर)

माझी तक्रार आपल्या आईंपेक्षा साधी होती, तरी पाटी पाहून आत जाणाऱ्यांसाठी लिहितो. कारखान्यात सेफ्टी शूज घालून आठ तास उभे राहिल्याने माझी टाच धरली होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की जीव जायचा, आणि दहा पावलांनंतर कमी व्हायचे. शहरातल्या एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) पायाला हात न लावता मला एका यंत्राच्या काचेवर उभे केले, पडद्यावर लाल-पिवळे चित्र दाखवले आणि नऊ हजारांचे इनसोल गळ्यात मारले. दोन महिन्यांत काही फरक नाही.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या कडेवर अंगठा दाबून नेमकी दुखरी जागा शोधली, पोटरी ताणण्याचे व्यायाम स्वतः करून दाखवले आणि गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली. एक्स-रेत हाड वाढलेले दिसले म्हणून मी घाबरलो होतो. पण असे हाड कधी न दुखलेल्या टाचांतही सापडते, असे त्यांनी समजावले. बरे वाटायला चार महिने लागले. अमेरिकेत पायाच्या डॉक्टरांसाठी चार वर्षांचे वेगळे वैद्यकीय शिक्षण असते. आपल्याकडे पाटीमागे कोण बसले आहे, सर्जन, फिजिओथेरपिस्ट की केवळ इनसोल विकणारा, हे आधी विचारून घ्यावे लागते. विचारण्यात लाजू नये. माझे नऊ हजार त्या लाजेपायी गेले.

उत्तर ४ (पादत्राणे कारागीर, भद्रकाली)

मी डॉक्टर नाही. त्यांच्या चिठ्ठीवरून चपला बनवतो. चिठ्ठीत बहुतेक वेळा ‘एमसीआर’ लिहिलेले असते, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. आपल्या देशात या चपला प्रथम कुष्ठरुग्णांसाठी रूढ झाल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की त्या रुग्णांच्या तळव्यांवरील जखमा होतात त्या मुख्यतः संवेदना गेल्यामुळे: दुखत नाही, म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो. मधुमेहातही तेच घडते. माझ्याकडचे रबर बोटाने दाबले तर खाली जाते, पण पुरते चेपत नाही, आणि त्यामुळे भार एका ठिकाणी न साठता तळवाभर पसरतो. त्याखालचा तळ मात्र कडक हवा, नाहीतर काटा किंवा खिळा वर येतो.

आईंना अंगठ्याची चप्पल किंवा सपाता नकोत. मागे पट्टा असलेली, वेलक्रोची घ्यावी, कारण बधिर पायाची बोटे चप्पल धरून ठेवू शकत नाहीत. माप संध्याकाळी द्यावे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालून तळवा पाहावा, लाल झाला असेल तर परत आणावी. फेरीबद्दल डॉक्टर सांगतीलच, पण वैशाखात तापलेल्या घाटाच्या दगडांवर अनवाणी उभे राहून फोड आलेले पाय मी दर वर्षी पाहतो, आणि त्यांतल्या कोणालाही चटका जाणवलेला नसतो.

पंचवटीकर (आठ दिवसांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी आईला नेले. ताईंनी वर्णन केलेली तपासणी जवळपास तशीच झाली. घट्ट्याखाली खरोखर जखम निघाली. डॉक्टरांनी बोथट सळईने ती हाडापर्यंत पोचते का ते पाहिले आणि एक्स-रेही काढला. सुदैवाने हाड सुरक्षित आहे. आत जाताना ‘एवढ्याशा कुरुपाला एवढे कशाला’ असे म्हणणाऱ्या आईने सळई आत जाताना पाहिली, आणि तरीही काही जाणवले नाही म्हटल्यावर ती गप्प झाली. पायाला भार वाचवणारे प्लास्टर घातले असून दर आठवड्याला ते बदलायचे आहे. रामकुंडावर जाणे सध्या बंद. तिने डॉक्टरांशी त्यावर बराच वाद घातला आणि शेवटी वडिलांनी गंगेचे पाणी तांब्यातून घरी आणून द्यावे यावर तडजोड झाली. रोज रात्री मी डाव्या पायाखाली आरसा धरतो आणि ती चष्मा लावून तळवा पाहते.

कारागीर काका, चपलेचे माप आताच द्यावे की जखम भरल्यावर?

उत्तर ५ (पादत्राणे कारागीर, भद्रकाली)

प्लास्टर आणि पट्टी दोन्ही निघाल्यावर, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावरच. पट्टीसकट घेतलेल्या मापाची चप्पल नंतर सैल होते, आणि सैल चप्पल पुन्हा निसटते. येताना त्यांच्या जुन्या चपलाही आणा. तळ कोठे झिजला आहे, ते मला पाहायचे आहे.