घरच्या मशीनवर बीपी दर वेळी वेगळा काऊन येते?

आर्वीकर: बाबांचं वय 62, बीपीची गोळी सुरू आहे. दंडाला पट्टा बांधायचं बॅटरीवालं मशीन घेतलं. आज सकाळी 158/94, दहा मिनिटांनी 141/86, मग 149/90. कोणता आकडा धरायचा? बाबा चटईवर मांडी घालून बसतात, बाही वर सारून पट्टा बांधतो.

सिस्टरताई: मशीनचं मागून पाहू, आधी चटई सोडा. मांडी घातली की पाठीला टेका राहत नाही आणि हात मांडीवर जातो. पट्टा हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली असला तर आकडा सात-आठने जास्त दिसतो. प्लास्टिकच्या खुर्चीत टेकून बसवा, तळपाय जमिनीवर, हात टेबलावर. टेबल बुटका असेल तर हाताखाली घडी केलेली चादर ठेवा, पट्टा छातीच्या मधोमध आला पाहिजे.

वर सारलेल्या बाहीचा दंडाला आवळा बसतो, म्हणून हात शर्टातून बाहेरच काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी कोपराच्या आतल्या बाजूला. पट्ट्यात एक बोट सहज जावं.

बुटीबोरी: मोजायच्या आधी अर्धा तास चहा, बिडी नाही. खर्राही नाही, तंबाखूनं बीपी चढतेच. लघवी करून यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, मशीन चालू असताना बोलायचं नाही.

सिस्टरताई: आकडा एकच धरू नका. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, संध्याकाळी तसंच. सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती 135/85 किंवा वर राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा, ज्या हातावर जास्त येते तोच पुढे धरा.

180/120 च्या वर दिसलं तर पाच मिनिटांनी परत मोजा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असेल तर परत मोजत बसू नका, 108 लावा.

आर्वीकर: खुर्चीत बसवून 146/88, 143/86. दंडाचा घेर टेपनं 35 सेंटिमीटर भरला. पट्ट्यावर 22–32 छापलंय.

बुटीबोरी: मग पट्टाच लहान पडतोय. लहान पट्टा आकडा वाढवूनच दाखवते. 32–42 चा मोठा घ्या, पण मशीनच्याच कंपनीचा अन् त्याच मॉडेलला चालणारा. दुसऱ्याचा नळीत बसला तरी हिशोब चुकू शकते.

सिस्टरताई: आणि मशीन एकदा आरोग्य केंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहा. एक उन्हाळ्याचं: मे महिन्यात घाम जाऊन, पाणी कमी पडून बीपी उतरू शकतो. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळी मनानं बंद करू नका.